इवायाले दाखवायचं नागपूर

नागपुरात कोणाकडं पाहुणा आला की लोक त्याला टेकडीच्या गणपतीला नेतात, संध्याकाळी फुटाळा तलावाच्या काठावर भुट्टा खाऊ घालतात आणि निघताना हातात संत्राबर्फीचा डबा देतात. देवाजीकडं आलेल्या पाहुण्याचं नशीब वेगळं. त्याला महाल भागातल्या कुठल्यातरी बोळीत नेऊन एका जिन्यापुढं उभं केलं जायचं. मग देवाजी दोन पावलं मागं सरकून, हात पाठीशी बांधून, जिन्याकडं नाही तर पाहुण्याच्या तोंडाकडं पाहत राहायचा.

जिना खरोखर पाहण्यासारखा होता. वाड्याचा वरचा मजला कधीचाच पडला, जिना तेवढा उरला. तो सरळ वर जातो आणि आभाळात संपतो. मालकीण उन्हाळ्यात प्रत्येक पायरीवर पापड वाळत घालते, वरच्या पायऱ्यांवर उडदाचे, खालच्या पायऱ्यांवर तांदळाचे. नव्या लग्नाच्या दिवसांत देवाजीनं बायकोला, रंभाबाईला, पहिल्यांदा फिरायला नेलं ते इथंच. ती अजून म्हणते, "लोकायच्या नवऱ्यानं बायकोले ताजमहाल दाखवला, माह्या नवऱ्यानं जिना दाखवला. तो बी अर्धा."

देवाजीची सारी नोकरी वाडीच्या एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात गेली. मालाच्या बिल्ट्या, म्हणजे पावत्या, बनवायच्या, ट्रक भरून दिला की पुढच्या ट्रकची वाट पाहायची. आणि ट्रक काही वेळेवर येत नसतो. रायपूरहून निघालेला माणूस भंडाऱ्याला जेवून झोपला तर तुम्ही काय करणार. बाकीचे लोक तोवर पत्ते कुटायचे, देवाजी चपला घालून निघायचा. असं चालता चालता त्याला शहरातल्या साऱ्या विचित्र जागा सापडत गेल्या. तो त्या कुणाला सांगत नसे. पाहुणा आला की दाखवी. रिटायर होऊन मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये राहायला आला, तरी रस्त्यानं जाताना मान वर करून चालायची सवय गेली नाही.

आणि साऱ्या पाहुण्यांत त्याचा खरा पाहुणा एकच, धोंडबा इवाई.

शहाण्या मराठीत ज्याला व्याही म्हणतात त्याला आमच्याकडं इवाई म्हणतात, विहिणीला ईन. देवाजीची लेक करिष्मा काटोलकडच्या एका गावात दिली आहे, पियूष तिचा नवरा, धोंडबा सासरा. संत्र्याचा बगीचा, विहिरीला पाणी, दारात ट्रॅक्टर, असं सुखी घर. इवायाचं नातं मोठं मजेचं. पोरीच्या बापानं सगळ्या गोष्टीत वाकायचं, पाट मांडायचा, पहिली पोळी इवायाला वाढायची. पण चेष्टेला मात्र मुभा आहे. तिथं कोणी लहान नाही अन् कोणी मोठा नाही. त्यामुळं इवाई भेटले की अर्धी गळाभेट असते आणि अर्धी कुस्ती.

ह्या दोघांची कुस्ती करिष्माच्या लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात सुरू झाली. धोंडबा कळमन्याच्या बाजारात संत्री विकून मुक्कामाला आला होता. देवाजीनं त्याला झीरो माइलला नेलं. तो दगडी खांब, ते चार घोडे, सारं दाखवून तो म्हणाला, "इवाई, तुमी आता देशाच्या बरोबर मधोमध उभे हा."

धोंडबानं मिशीवरून हात फिरवला. "यात काय? माह्या वावरातली विहीर बी वावराच्या मधोमधच हाय."

देवाजीला ते लागलं. दुसऱ्या वर्षी त्यानं छोट्या रेल्वेचं म्युझियम दाखवलं. धोंडबा म्हणाला, "यात काय? याच्यापेक्षा जास्त माणसं आमच्या बैलबंडीत बसतात." गड्डीगोदामला एकावर एक रस्ता, रेल्वे, उड्डाणपूल आणि मेट्रो दाखवली, तर म्हणे, "यात काय? कडब्याच्या पेंढ्या आमी बी एकावर एकच रचतो." शेवटी घरी जेवताना उघड पैजच लागली. ज्या दिवशी धोंडबाला खरोखर नवल वाटेल त्या दिवशी त्यानं 'हरलो' म्हणायचं. तेव्हापासून देवाजी वर्षभर शहर धुंडाळतो आणि डिसेंबरात इवायाला त्यातली एखाददोन ठिकाणं दाखवतो. तो शब्द काही त्याच्या कानावर अजून पडला नव्हता.

यंदा संत्र्याच्या आधी करिष्माचा फोन आला.

"बाबा, मामाजीले दिसत नाई."

"कोणाले? इवायाले? कायले काही बोलतं वं बाई."

"खरं सांगून राह्यली. पोरीले गाडीवर बसवून शाळेत सोडाले निघाले, अन् कॅनॉलच्या बाजूच्या खड्ड्यात गाडी घातली. पोरीच्या कोपराले खरचटलं, नशीब म्हणा. म्हणते, कुत्रं आडवं आलं. पोरगी म्हणते, कुत्रंबित्रं काही नव्हतं, आबानं सीधी खड्ड्यात नेली."

"पियूषनं डॉक्टरले नाई दाखवलं?"

"त्याईनं नाव काढलं तं मामाजी दोन दिवस जेवले नाई. म्हणे, माह्या डोयाले काय झालं, तुमालेच दिसत नाई. उद्या पुन्हा पोरीले घेऊन निघतील, बाबा. मी नाई म्हणू शकत नाई त्याईले. तुमचं ऐकतील."

"माह्यं? माह्यं तं त्याईनं जिंदगीत ऐकलं नाई."

"पाहा काहीतरी. पण मी सांगतलं असं नका म्हणजा."

देवाजीनं फोन ठेवला आणि बराच वेळ तो गॅलरीत उभा राहिला. सून बोलू शकत नाही, पोरगा बोलू शकत नाही. पोरीचा बाप सासऱ्याला कोणत्या तोंडानं म्हणणार, की तुम्हाला दिसत नाही आणि माझ्या नातीला गाडीवर बसवू नका? बोलला तर ते चेष्टेत जाणार नाही. मानावर जाईल, आणि त्याचं उट्टं करिष्माच्या अंगणात निघेल.

धोंडबा आला तो नेहमीसारखाच. पांढरं धोतर, डोक्याला टोपी, खांद्यावर संत्र्याची पिशवी. बाजारात माल देऊन ऑटोनं आला होता. जिन्याच्या कठड्याला हात घासत वर चढला, दारात थांबला आणि मोठ्यानं म्हणाला, "ईनबाई, चहा ठेवा. तुमचं नागपूर हरवाले आलो."

रंभाबाईनं पिशवी आत नेली. थोड्या वेळानं ती स्वयंपाकघराच्या दारातून नवऱ्याला खुणावू लागली. आत गेला तर तिनं पिशवी परातीत ओतली होती.

"पाहा," ती हळू म्हणाली.

इवायाच्या घरी आणायची संत्री धोंडबा स्वतः निवडायचा. एकेक फळ हातात फिरवून, पुसून, देठाला दोन पानं ठेवून. आजवर त्या पिशवीत डागी फळ निघालं नव्हतं. परातीत बरीच फळं डागाळलेली होती, दोनतीन तर एका बाजूनं हिरवीगार.

रंभाबाईनं डागी फळं वेचून बाजूला केली आणि चांगली तेवढी टोपलीत लावून बाहेर नेऊन ठेवली. "मस्त हाय यंदाचा माल, इवाई," ती म्हणाली.

"हात लागला ना माह्या," धोंडबा म्हणाला.

रात्री देवाजीनं ठरवलं. बोलायचं नाही, पकडायचं. दरवर्षी तो आधी सारी कथा सांगायचा, हे बघा अमुक, ते बघा तमुक, आणि मग दाखवायचा. यंदा तोंड उघडायचं नाही. नुसतं उभं करायचं आणि विचारायचं, सांगा काय दिसते. इवाई अडकला की म्हणायचं, चला डोळ्याच्या डॉक्टरकडं. पैज आहे, पैजेत सारं चालतं.

सकाळी तो स्कूटरची किल्ली उचलू लागला तर रंभाबाईनं काढून घेतली. "ऑटोनं जा. एकाले दिसत नाई अन् दुसऱ्याले दिसते असं समजू नका. डॉक्टरनं साल झालं सांगून, डाव्या डोयाचा मोतीबिंदू काढा म्हणून. ते सुई लागते म्हणून पयून राह्यले तुमी."

"हळू बोल वं," देवाजी म्हणाला.

ऑटो थेट वाडीला नेला. अमरावती रोड सोडून गोदामांच्या मागच्या गल्लीत शिरलं की एका पडीक जागेत एक ट्रक आहे. दोन भावांच्या भांडणात अडकलेला. हा म्हणे माझा, तो म्हणे माझा, दोघांनीही हलवला नाही. आधी टायर गेले, मग काचा. मग बॉनेटमध्ये कुठून तरी पिंपळाचं बी पडलं. आज त्या ट्रकच्या केबिनमधून पिंपळ वर गेला आहे. मुळ्यांनी चेसिसला असा विळखा घातला आहे की झाडानं ट्रक उचलला की ट्रकानं झाड, सांगता येत नाही. नवी गाडी घेतलेले ड्रायव्हर पहिल्या फेरीआधी इथं नारळ फोडतात. बंपरला शेंदूर लागला आहे, आरशाच्या दांड्याला लिंबू-मिरच्या लटकतात. देवाजी नोकरीत होता तेव्हा हा पिंपळ बोटाच्या पेराएवढा होता. आता दोन माणसांच्या कवेत मावत नाही.

ऊन समोरून येत होतं. देवाजीनं इवायाला रस्त्याच्या कडेला उभं केलं, दोन पावलं मागं सरकला, हात पाठीशी बांधले.

"सांगा," तो म्हणाला.

धोंडबा उभा राहिला. डोळे बारीक केले. मान किंचित तिरपी केली, ऐकल्यासारखी. वारा नव्हता, तरी वर पानं सळसळत होती.

"पिंपय हाय," तो म्हणाला. "यात काय? आमच्या गावच्या मारुतीपुढचा याच्या दुप्पट हाय."

 एवढा मोठा ट्रक. माणसाला ट्रक दिसला नाही. देवाजीनं म्हणायचं ठरवलेलं वाक्य तोंडाशी आलं आणि तिथंच थांबलं, कारण धोंडबा पुढं गेला होता. पिंपळाला हात लावून नमस्कार करायला गेला आणि त्याच्या हाताला खोडाऐवजी पत्रा लागला.

हात थबकला. मग तो हळूहळू सरकू लागला. पत्र्यावरून मुळीवर, मुळीवरून दाराच्या मुठीवर, तिथून आत. केबिनमध्ये स्टिअरिंग होतं, त्याच्या गोलातून जाडजूड फांदी बाहेर आलेली. धोंडबानं ते चाक दोन्ही हातांनी धरलं, फांदी चाचपली, पुन्हा चाक चाचपलं. त्याचा चेहरा लहान पोरासारखा उघडला होता. देवाजी इतकी वर्षं ज्या चेहऱ्याची वाट पाहत होता तो हाच. पण धोंडबाला कोणी पाहत असल्याचं लक्षात आलं आणि चेहरा पुन्हा बंद झाला.

"ट्रकात झाड लावलं," तो हात झटकत म्हणाला. "आमच्याकडं लोक डब्यात तुयस लावतात. यात काय?"

 जिंकायची वेळ होती, पण ज्याला दिसत नाही त्याला दाखवून जिंकण्यात काय मजा, असं देवाजीला वाटून गेलं. तरी करिष्माचा आवाज कानात होता. पोरीच्या कोपराला खरचटलं. त्यानं ऑटोवाल्याला इतवारीकडं घ्यायला सांगितलं.

इतवारीत बंटीचं सलून आहे. सलून बापाचं, खुर्च्याही बापाच्या. दाराच्या वर, गिऱ्हाइकाच्या पाठीमागं, एक भिंतघड्याळ लावलं आहे. त्याचे आकडे उलटे आहेत आणि काटे मागं मागं चालतात. मान वळवून थेट पाहिलं तर माणूस चक्रावतो. पण खुर्चीत बसून समोरच्या आरशात पाहिलं की वेळ सरळ दिसते. गिऱ्हाइकानं मान वळवू नये म्हणून बंटीच्या बापानं ते बनवून घेतलं होतं. वस्तरा मानेवर असताना मान वळवणारे गिऱ्हाईक त्यानं फार पाहिले होते.

"बसा इवाई," देवाजी म्हणाला. "आरशात पाहा, अन् मंग मागं पाहून सांगा."

धोंडबा खुर्चीत बसला. समोर आरसा. त्यात त्याला काय दिसत असेल, देवाजीला कळेना. कदाचित एक पांढरा डाग, आणि त्याच्या मागं आणखी एक. घड्याळाची टिकटिक मात्र दुकानभर वाजत होती.

"घड्याय हाय," धोंडबा म्हणाला.

"ते मले बी ऐकू येते. पण कसं हाय?"

"बंटीभाऊ, दाढी करून दे ना गा," धोंडबा म्हणाला आणि मान मागं टाकून डोळे मिटून घेतले. "दाढीच्या वक्ती मी डोये उघडत नसतो. साबण जाते."

बंटी हसला. "काकाजी एकदम पक्के हाय. इनको कोई नहीं फसा सकता."

दाढी झाली. धोंडबानं गालावरून हात फिरवला, बंटीच्या हाताची तारीफ केली आणि घड्याळाकडं न पाहता बाहेर पडला. दुकानापुढं नालीवर फरशी टाकलेली होती, ती मध्येच संपत होती. देवाजी मागून ओरडणार तोच धोंडबाचा पाय खाली गेला, आणि बाजूनं जाणारी ई-रिक्षा कचकन थांबली.

"दिखता नहीं क्या बाबा?" रिक्षावाला म्हणाला.

देवाजीनं इवायाला दंडाला धरून वर घेतलं. धोंडबानं दंड सोडवून घेतला. धोतर झटकलं, टोपी सरळ केली.  'यात काय' असं तो म्हणाला नाही. 

दोघं समोरच्या चहाच्या टपरीवर बाकड्यावर बसले. इतवारीची गर्दी पुढून वाहत होती, हातगाड्या, मिरचीची पोती, कपड्यांचे गठ्ठे. धोंडबा कप दोन्ही हातांत धरून समोर पाहत होता. देवाजीनं मनातल्या मनात मागची वर्षं उलगडली. गेल्या साली आणि त्याच्या आधल्या साली आपण जे जे दाखवलं त्याची कथा आपणच आधी सांगितली होती. इवायानं डोळे न उघडता उत्तर दिलं असतं तरी आपल्याला कळलं नसतं. आपण त्याच्या तोंडाकडं पाहत राहिलो, डोळ्यांकडं कधी पाहिलंच नाही.

आणि आज आपण काय केलं? इवायाला सापळ्यात घालून दोन दोन ठिकाणी उभं केलं.

चहा संपला. देवाजीनं कप खाली ठेवला.

"इवाई," तो म्हणाला, "मी हरलो."

धोंडबानं मान वळवली. "काहून?"

"एक जागा हाय, तिथं जायची मले हिंमत होऊन नाई राह्यली. साल झालं. डोयाचा दवाखाना. माह्या डाव्या डोयात मोतीबिंदू हाय. डॉक्टर म्हणते काढा, तुमची ईन म्हणते काढा, अन् मी तिथल्या फाटकापर्यंत जाऊन दोनदा वापस आलो. डोयात सुई घालतात म्हणते. मले भेव लागते."

हे खोटं नव्हतं. म्हणूनच सांगायला इतकं जड गेलं. कुणापुढंही सांगितलं असतं, इवायापुढं सांगायचं नसतं.

 धोंडबाची मिशी हलली.

"एवढे मोठे तुमी. ट्रक भरले जिंदगीभर. अन् सुईले भेता?"

"भेतो ना."

"ईनबाईले माहीत हाय?"

"ते तं हसते मले."

"हसणारच," धोंडबा म्हणाला. त्याचा आवाज पुन्हा जागेवर आला होता. पाठ ताठ झाली. "चला, उठा. मी येतो संगं. पोरीच्या बापाले एकटा कसा सोडू."

दवाखाना एका ट्रस्टचा होता, जुना, उंच छताचा. आत लाकडी बाकांवर माणसं ओळीनं बसलेली, बरीचशी खेड्यांवरून आलेली, कोणी डोळ्यांवर हिरवी पट्टी बांधून, कोणी मान मागं टाकून. धोंडबानं नाव सांगायच्या खिडकीपाशी देवाजीच्या पाठीवर हात ठेवला. तो हात धीर द्यायला होता की वाट सापडायला, हे देवाजीनं विचारलं नाही.

सिस्टर बाटली घेऊन ओळीतून येत होती. एकेकाचं डोकं मागं करायची, पापणी ओढायची, थेंब टाकायची. ती देवाजीपुढं आली आणि देवाजीनं खरोखरच डोळे घट्ट मिटून घेतले.

"काकाजी, उघडा. नुसते थेंब आहेत, झोंबते थोडं."

"उघडतो," देवाजी म्हणाला आणि उघडले नाहीत.

"अरे बाप्पा," धोंडबा म्हणाला. "बाई, तुमी माह्यात टाका आधी. त्याईले दाखवतो."

"तुम्ही पेशंट आहात का?"

"लिहून घ्या ना मंग. नाव धोंडबा. टाका." त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली, मान मागं टाकली, दोन्ही डोळे टक्क उघडले. सिस्टरनं एका डोळ्यात थेंब टाकला. मग वाकून जरा जवळून पाहिलं, दुसऱ्यातही टाकला, आणि देवाजीकडं पाहिलं. देवाजीनं तिच्याकडं पाहून अगदी हळू मान हलवली. ती समजली. तिनं धोंडबाचंही नाव लिहून घेतलं.

"पाहा," धोंडबा गालावरचे ओघळ पुसत म्हणाला, "काही होत नाई. यात काय?"

मग देवाजीनंही डोळे उघडले.

डॉक्टरीणबाई तरुण होती. तिनं देवाजीला पाहिलं आणि पुढच्या आठवड्यातली तारीख दिली. मग धोंडबाला मशीनपुढं हनुवटी टेकवून बसवलं आणि दोन्ही डोळे आळीपाळीनं तपासले. "बाबा, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पूर्ण पिकलाय. उजवा आधी करू. इतके दिवस कसे काढले तुम्ही?"

धोंडबा म्हणाला, "संत्र्याचं काम होऊ द्या. मंग पाहू."

"संत्री तुम्हाला दिसतात का?" ती सहज म्हणाली.

 धोंडबा टोपी घालून उठला आणि दाराकडं चालू लागला, थोडा भिंतीकडं गेला, मग दार सापडलं.

बाहेर दुपार टळटळीत पडली होती. देवाजी पायरीवर आला आणि जागीच थांबला. थेंबांनी बाहुल्या मोठ्या झालेल्या. समोरचं सारं जग पांढरं फेसाळ झालं होतं. झाड कुठं संपतं, फाटक कुठं सुरू होतं, कळेना. माणसं यायची ती रंगाच्या डागासारखी यायची आणि अगदी जवळ आल्यावर त्यांना तोंड फुटायचं. त्यानं चाचपत लिंबाखालचा ओटा शोधला, धोंडबा शेजारी बसला.

"इवाई," देवाजी म्हणाला, "बाप्पा, काय हाय हे. सारं धुकं धुकं दिसून राह्यलं. उजेडाभोवती गोल गोल. माणूस हाय का खांब हाय, समजून नाई राह्यलं."

धोंडबा मांडीवर हात ठेवून बसला होता. तो समोर पाहत राहिला, तिथं काही होतं की नव्हतं कोणास ठाऊक.

"यात काय?" तो म्हणाला. "मी तं दोन साल झाले हेच पाहून राह्यलो."

फाटकाबाहेर कोणी मोसंबीचा रस काढत होतं, त्या यंत्राच्या घुंगरांचा आवाज येत होता.  

"कुत्रं नव्हतं," थोड्या वेळानं धोंडबा म्हणाला.

"कोणतं कुत्रं?"

"हाय एक," धोंडबा म्हणाला. "तुमाले नाई माहीत."

"नाई बा. मले काय माहीत," देवाजी म्हणाला.

लिंबाची पानं दोघांच्या अंगावर पडत होती. धोंडबानं टोपी काढली, पुन्हा घातली.

"तुमची तारीख कवाची दिली?"

"येत्या हप्त्यात. बुधवार का गुरुवार."

"संगं कोण येते?"

"ईन येईल तुमची."

"तिले कायले तरास. मी थांबतो हप्ताभर. पियूष हाय, तो पाहील बगीचा." मग टोपी सरळ करत तो म्हणाला, "अन् माह्यं तुमच्या आधी होऊ द्या. मंगळवारचं सांगा त्या बाईले. एकानं पुढं जाऊन पाह्यलं म्हणजे दुसऱ्याले भेव नाई लागत. पोरीच्या बापाले मी सुईपुढं पहिला ढकलला, असं नको व्हाले गावात."

"हाव," देवाजी म्हणाला. "ते बी बरोबर हाय."

रंभाबाईला फोन करून बोलावलं होतं. ती ऑटोनं आली तेव्हा दोघंही कपाळावर हात आडवा धरून ओट्यावर बसले होते, जणू लांबून कोणाची वाट पाहत आहेत आणि ती जवळ आलेली दिसत नाही. ती पुढ्यात उभी राहून हसली.

"दोघंही आंधळे झाले का बाप्पा? आज काय दाखवलं इवायाले?"

"दवाखाना," देवाजी म्हणाला.

"काही पाहाचं राह्यलं नव्हतं का नागपुरात?"

दोघं उठले. धोंडबानं देवाजीचं कोपर धरलं, देवाजीनं धोंडबाचं, आणि दोघंही एकमेकांना 'सांभाळून' म्हणत ऑटोकडं निघाले. कोण कुणाला नेत होतं ते रंभाबाईलाही कळलं नाही, ती पुढं होऊन नुसती वाट मोकळी करत गेली.  सीताबर्डीच्या पुलाखालून जाताना धोंडबानं देवाजीच्या गुडघ्यावर हात टेकवला.

"इवाई, ते पिंपयवालं."

"हाव?"

"डोये झाले का मले एक खेप पुन्हा नेजा तिथं. आज ऊन डोयावर होतं. धड नाई पाह्यलं मी."